भूक आवरायला अ‍ॅक्युप्रेशर: पहिल्यांदाच सुरू करणाऱ्यांसाठी

अ‍ॅक्युप्रेशर म्हणजे शरीरावरचे ठरावीक बिंदू बोटानं दाबण्याची पद्धत. अ‍ॅक्युप्रेशर आणि वजन हे दोन शब्द एकत्र शोधले की ‘हा बिंदू दाबा, पोट सपाट करा’ छापाचं काहीतरी लगेच समोर येतं. ते सरळ बाजूला ठेवा. बिंदू दाबून चरबी वितळत नाही आणि कॅलरीही जळत नाहीत. मग दाबायचं कशाला? काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं आणि हात डब्याकडे जातो, त्या मधल्या क्षणात दोन-चार मिनिटं मिळवायला. बऱ्याचदा तेवढ्या वेळात वखवख ओसरते. वजनावर जो काही फरक पडतो तो त्या न खाल्लेल्या घासांमुळे. एवढीच अपेक्षा ठेवणार असाल तर पुढे वाचा. मला स्वतःला या पद्धतीचा उपयोग झाला, पण सुरुवातीला माहिती इतकी उलटसुलट मिळाली की नेमकं कुठे, किती आणि कधी दाबायचं तेच कळेना. म्हणून हे क्रमानं लिहिते आहे.

पुराव्यांबद्दल थोडक्यात. या विषयावर अभ्यास झालेत, पण बहुतेक लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. दक्षिण कोरियातला २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वारंवार सांगितला जातो. त्यात ९१ जण होते आणि कानावरच्या बिंदूंमुळे आठ आठवड्यांत बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) सुमारे ६ टक्क्यांनी उतरल्याचं दिसलं. जाहिराती इथेच थांबतात. त्या अभ्यासात कानाला बोटानं दाब दिला नव्हता, बारीक सुया टोचून ठेवल्या होत्या. सहभागींना आहारावरही बंधनं होती. शिवाय बरेच जण मध्येच सोडून गेले आणि त्यात तुलनेसाठी खोटा उपचार दिलेल्या गटातले जास्त होते. तेव्हा तो आकडा आपल्या बोटाच्या दाबाला लावू नका.

१. आधी आठवडाभर फक्त लिहा

बिंदूंकडे वळण्याआधी एक वही घ्या. जेवणाच्या वेळेव्यतिरिक्त खावंसं वाटेल तेव्हा चार गोष्टी टिपा: वेळ, शेवटचं जेवण कधी झालं, नेमकं काय खावंसं वाटतंय आणि त्या क्षणी तुम्ही काय करत होता. बस. खाणं थांबवायचं नाही, नुसतं टिपायचं.

हे टाळू नका, कारण खरी भूक आणि वखवख यांना उपाय वेगवेगळे आहेत. खरी भूक हळूहळू वाढते, पोटात जाणवते, आणि समोर साधं काहीही आलं तरी चालतं. वखवख एकदम उठते, तिला ठरावीकच पदार्थ हवा असतो आणि ती बहुधा कंटाळा, ताण किंवा पडद्यासमोर बसणं यांच्या मागून येते. घड्याळाची भूक हा तिसरा प्रकार. जठरातून सुटणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक आपल्या नेहमीच्या खाण्याच्या वेळेआधी वाढतं. रोज संध्याकाळी पाचला काहीतरी खायची सवय असेल तर पावणेपाचला भूक लागणारच, दुपारचं जेवण कितीही झालेलं असो.

अ‍ॅक्युप्रेशर वखवख आणि घड्याळाची भूक यांच्यासाठी. खऱ्या भुकेला उत्तर जेवण हेच. जेवणाला सहा-सात तास उलटून गेलेत, पोटात कावळे ओरडतायत आणि तुम्ही कानाचा बिंदू दाबत बसलात, तर रात्री दुप्पट खाल.

वहीत आणखी एक नोंद ठेवा, झोपेची. झोप कमी झाली की घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन कमी होतं, असं अभ्यासांत दिसलंय. रोज पाच तास झोपणाऱ्यानं बिंदू शोधण्याआधी झोप शोधावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

२. कोणी करू नये, कोणी विचारून करावं

ही पायरी कंटाळवाणी वाटेल, पण वगळू नका.

गर्भवती असाल किंवा तशी शक्यता असेल, तर घोट्याच्या वरचा आतल्या बाजूचा बिंदू आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधला बिंदू दाबायचा नाही. परंपरेनं हे दोन्ही गर्भारपणात वर्ज्य मानले आहेत. आणि तसंही, गर्भारपण ही भूक मारायची वेळ नव्हे.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर फार सावध. अचानक लागलेली भूक, सोबत घाम, हातांना कंप, धडधड, ही साखर उतरल्याची लक्षणं असू शकतात. अशा वेळी बिंदू दाबत बसायचं नसतं, साखर मोजायची. ती ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरच्या खाली असेल तर लगेच १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज घ्यायचं आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. मोजायला यंत्र जवळ नसेल तर आधी गोड घ्या.

पायाच्या शिरेत गुठळी झालेली असेल, पोटरी एकाच पायाची सुजलेली-दुखरी असेल, तर पायावर दाब देऊ नका, डॉक्टरांकडे जा. फुगलेल्या निळ्या शिरांवरही दाब नको. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी हलका दाब ठेवावा, नाहीतर जागा काळीनिळी पडते. उपाशी राहणं, खाऊन उलटी काढणं असा त्रास पूर्वी कधी झाला असेल तर भूक दाबायची कुठलीही युक्ती तुमच्यासाठी नाही. हीसुद्धा नाही.

वजन अचानक वाढत असेल तर त्यामागे थायरॉइड किंवा एखादं चालू औषध असू शकतं. डॉक्टरांकडे जाताना एवढे कागद बरोबर घ्या:

- चालू औषधांची यादी, मात्रेसकट
- थायरॉइड, रक्तातली साखर आणि हिमोग्लोबिन यांचे अलीकडचे अहवाल
- गेल्या काही महिन्यांतल्या वजनाच्या नोंदी, असतील तर
- पहिल्या पायरीतली वही (डॉक्टरांना ती अहवालांइतकीच उपयोगी पडते)

३. सामान

खरं तर अंगठा पुरतो. नखं कापलेली हवीत. कानासाठी गोल, बोथट टोकाची एखादी काडी किंवा पेनची बंद बाजू चालेल. टोकदार काहीही नको. घड्याळ किंवा मोबाइलचा टायमर, वजनकाटा, कंबर मोजायला शिंप्याची टेप. कानाला चिकटवायच्या बिया हव्या असतील तर त्याबद्दल सातव्या पायरीत.

चुंबकाच्या अंगठ्या, काटेरी चपला, कंप पावणारे पट्टे हे सगळं आत्ता विकत घेऊ नका. मी तर म्हणेन, नंतरही नको.

४. माप समजून घ्या

बिंदूंची अंतरं सेंटीमीटरमध्ये सांगत नाहीत, कारण प्रत्येकाचं शरीर वेगळं. माप असतं ‘त्सुन’. तुमच्या स्वतःच्या अंगठ्याची सांध्याजवळची रुंदी म्हणजे १ त्सुन. चार बोटं (अंगठा सोडून) जुळवून धरली की मधल्या सांध्यांपाशी त्यांची रुंदी ३ त्सुन. ज्याच्या अंगावर मोजायचं त्याचीच बोटं वापरायची. दुसऱ्याला दाखवताना आपण आपल्या बोटांनी मोजतो आणि बिंदू चुकतो, हे फार वेळा होतं.

बिंदूंची नावंही प्रत्येक तक्त्यात वेगळी दिसतील. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये ३६१ बिंदूंच्या जागा प्रमाणित करून प्रसिद्ध केल्या. त्यात प्रत्येकाला अक्षरं आणि आकडा आहे, जसं एसटी ३६. नाव काहीही दिलेलं असो, हा सांकेतिक क्रमांक जुळतो का ते पाहा. कानावरचे बिंदू त्या यादीत नाहीत, त्यांचे तक्ते वेगळे असतात. कानाचा आधुनिक नकाशा फ्रेंच डॉक्टर पॉल नोजिए यांनी १९५० च्या दशकात मांडला. त्यात कान म्हणजे उलटं झोपलेलं गर्भातलं बाळ अशी कल्पना आहे.

५. बिंदू शोधा

एखाद्या तक्त्यात तुम्हाला वजनासाठी वीस बिंदू सापडतील. वीस बिंदू कोणी रोज दाबत नाही. चौथ्या दिवशी सगळंच सुटतं. मी इथे पाचच देते, आणि त्यातले दोन रोजचे धरले तरी पुरे.

*कानाचा भूक बिंदू.* कानाच्या छिद्रासमोर, गालाच्या बाजूला, छोटा कूर्चेचा उंचवटा असतो. गोंगाट ऐकू नये म्हणून आपण छिद्रावर दाबतो तोच. त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर, मध्याच्या किंचित खाली हा बिंदू. तर्जनी बाहेरून आणि अंगठा आतून धरून हलक्या चिमटीत दाबता येतो. चारचौघांत बसूनही कोणाच्या लक्षात येत नाही. सुरुवात याच्यापासूनच करा.

*कानाचा जठर बिंदू.* कानाची बाहेरची कड वरून वळून पुढे येते आणि छिद्राच्या वर कानाच्या वाटीत आडवी शिरते. ती आडवी कड जिथे संपते तिथे बोथट टोक ठेवा. कानाच्या या वाटीत व्हेगस मज्जातंतूची एक शाखा पोचते. हाच मज्जातंतू पुढे हृदय आणि जठरापर्यंत जातो. कानात काडी घातल्यावर काहींना खोकला येतो तो याच शाखेमुळे. कानावरच्या दाबाचा भुकेशी संबंध लावणारे लोक या मज्जातंतूकडे बोट दाखवतात. कल्पना पटण्याजोगी आहे, पण नुसत्या बोटाच्या दाबानं जठरात नेमकं किती काय बदलतं ते पक्कं झालेलं नाही.

*कानाचा शनमन.* कानाच्या वरच्या भागात एक त्रिकोणी खळगा असतो. त्याच्या बाहेरच्या टोकाकडे हा बिंदू. हा मन शांत करायचा मानला जातो. तुमच्या वहीत वखवखीशेजारी ‘ताण’ हा शब्द वारंवार दिसत असेल तर भूक बिंदूच्या जोडीला हा घ्या.

*पोटाचा मधला बिंदू, सीव्ही १२.* छातीचं हाड जिथे संपते तिथून बेंबीपर्यंत सरळ रेषा धरा. तिच्या बरोबर मध्यावर हा बिंदू. दोन-तीन बोटं सपाट ठेवून, श्वास सोडताना हळू दाबायचं. भरल्या पोटी कधीच नाही. पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल, हर्निया किंवा अल्सर असेल तर हा सोडून द्या.

*गुडघ्याखालचा बिंदू, एसटी ३६.* गुडघ्याच्या वाटीखाली बाहेरच्या बाजूला खळगा लागतो. तिथून चार बोटं खाली, नडगीच्या कडेपासून बाहेर एक बोट. तळवा वर उचलून घोटा हलवला की बोटाखाली स्नायू फुगतो, म्हणजे जागा बरोबर. या बिंदूबद्दल एक गोष्ट जाहिराती सांगत नाहीत: परंपरेत तो पचन आणि ताकद सुधारायला वापरतात, भूक मारायला नव्हे. काहींना तो नियमित दाबल्यावर उलट कडकडून भूक लागते. तसं झालं तर खुशाल यादीतून काढा.

मनगटाच्या आतल्या बाजूचा पीसी ६ हा बिंदू तुम्हाला सगळीकडे दिसेल. मळमळीसाठी त्याचा चांगला अभ्यास झालाय, भुकेसाठी मात्र मी तो वापरायला सांगणार नाही.

बिंदू सापडला हे कसं ओळखायचं? आजूबाजूच्या जागेपेक्षा तिथे थोडी जास्त दुखरी, बोथट जाणीव होते. अशी जाणीव नाही झाली तरी घाबरू नका. खरं सांगायचं तर एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाल्यानं काही बिघडत नाही. अनेक अभ्यासांत ‘चुकीच्या’ जागी दाब दिलेल्यांनाही थोडाफार फायदा झालेला दिसतो. यावरून काय ते समजा, आणि जागा अचूक हवी म्हणून आठवडे घालवू नका.

६. दाब किती, किती वेळ

१ ते १० च्या मापावर दुखणं ४-५ च्या पुढे जाता कामा नये. ‘दुखेल तेवढं चांगलं’ हा या क्षेत्रातला सगळ्यात पसरलेला गैरसमज आहे. त्यानं कानाची त्वचा सोलते आणि पायावर डाग पडतात, बाकी काही होत नाही.

पायावर आणि पोटावर एका बिंदूला १ ते २ मिनिटं. दाब हळूहळू वाढवा, धरून ठेवा किंवा जागच्या जागी छोटी वर्तुळं करा, हळूहळू सोडा. कानावर ३० सेकंद ते १ मिनिट पुरे. श्वास संथ ठेवा, सोडायला घ्यायच्या जवळपास दुप्पट वेळ. चक्कर, मळमळ, छातीत अस्वस्थ वाटलं तर थांबा.

७. बिया चिकटवायच्या असतील तर

कानाच्या बिंदूवर छोट्या चौकोनी पट्टीनं बी चिकटवतात. पारंपरिक बी वॅकेरिया नावाच्या वनस्पतीचं असतं. हल्ली धातूचे मणीही मिळतात, पण निकेलची अ‍ॅलर्जी असेल तर ते टाळा. चुंबकाचे मणी पेसमेकर असलेल्यांनी लावू नयेत.

कान साबणानं धुऊन पूर्ण कोरडा करा. तेलकट कानावर पट्टी तासाभरात निघते. चिमट्यानं पट्टी उचला, बी बिंदूवर येईल अशी बसवा. दिवसातून ३ ते ५ वेळा बोटानं दाबा, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट. ३ ते ५ दिवसांनी काढा, एक दिवस कान मोकळा सोडा, मग दुसऱ्या कानावर लावा. लाली, खाज किंवा पाणी दिसलं तर त्याच क्षणी काढायचं, ‘उरलेले दोन दिवस काढू’ असं करायचं नाही. कूर्चेला झालेला संसर्ग लवकर बरा होत नाही. नुकतंच टोचलेल्या कानावर बिया लावू नका. घरात लहान मूल असेल तर पडलेली बी शोधून उचला, ती तोंडात किंवा नाकात जाते.

बियांचा खरा फायदा मला वाटतो तो असा की त्या आठवण करून देतात. बोट कानाकडे गेलं की आपण काय ठरवलंय ते लक्षात येतं.

८. दिवसात हे कुठे बसवायचं

ही पायरी जमली तरच बाकीच्यांना अर्थ आहे. बहुतेक लोक सकाळी उठून सगळे बिंदू दाबतात, कर्तव्य संपलं म्हणतात आणि रात्री दहाला स्वयंपाकघरात उभे सापडतात. सकाळचा दाब रात्रीच्या वखवखीला पुरत नाही.

वहीतून तुमची सगळ्यात अवघड वेळ शोधा. बहुतेकांची एक किंवा दोनच असतात. त्या वेळेच्या १० ते १५ मिनिटं आधी कानाचा भूक बिंदू दोन्ही बाजूंना दाबा. मग प्रत्यक्ष वखवख उठली की हा क्रम:

जागेवरून उठा, अन्न दिसणार नाही अशा ठिकाणी जा. टायमर १० मिनिटांवर लावा. पहिली दोन-तीन मिनिटं भूक बिंदू आणि शनमन आलटून पालटून दाबा. पेलाभर पाणी प्या. उरलेला वेळ हाताला दुसरं काहीतरी काम द्या. टायमर वाजल्यावर स्वतःला विचारा: अजून हवंय का? हवं असेल तर बसून, ताटात घेऊन, ठरवलेलं तेवढं खा. हो, खा. ‘मुळीच नाही’ असं ठरवणारे आठवडाभर टिकतात आणि मग सगळं एकदम खातात.

जेवणाआधी मिनिटभर दाबायचं असेल तर तेही चालेल, पण त्याच्या जोडीला जेवण सावकाश हवं. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला साधारण १५-२० मिनिटं लागतात. पाच मिनिटांत जेवण उरकणाऱ्याला कुठलाच बिंदू वाचवू शकत नाही.

९. हिशेब ठेवा, पण बरोबर

शरीरातली १ किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. समजा या पद्धतीनं तुम्ही आठवड्यातून चार वेळा २५० कॅलरींचं वरखाणं टाळलं. आठवड्याला १,००० कॅलरी झाल्या, म्हणजे किलोभर उतरायला साधारण आठ आठवडे, तेही बाकीचं खाणं-हालचाल तशीच राहिली तर. ‘दहा दिवसांत पाच किलो’ म्हणणाऱ्याला हाच हिशेब मांडून दाखवा.

वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सकाळी शौचानंतर आणि काही खाण्याआधी करा. रोजचा काटा पाणी आणि मिठामुळे एक-दोन किलोंनी सहज वरखाली होतो. त्यावर खूश होऊ नका आणि खचूही नका. महिन्यातून एकदा बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. आणि वहीत एक वेगळा रकाना करा: टायमर लावला किती वेळा, आणि त्यातल्या किती वेळा खायची गरज उरली नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत काट्यापेक्षा हा रकाना जास्त खरं सांगतो.

१०. पैसे मागणारे सापळे

कोणाकडे शिकायला किंवा उपचाराला जाणार असाल तर आधी दोन प्रश्न विचारा: माझ्या औषधांबद्दल तुम्ही विचारणार आहात का, आणि किती आठवड्यांनी फरक नाही दिसला तर थांबायचं? पहिल्याला बगल दिली किंवा दुसऱ्याला ‘असं होतच नाही’ असं उत्तर आलं, तर उठून या. पूर्ण कोर्सचे पैसे आगाऊ मागणं, बिंदूंसोबत कसलीतरी पावडर घ्यायचा आग्रह, रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या बंद करायचा सल्ला, यातलं काहीही दिसलं तरी तेच. दाबानं ‘विष बाहेर पडतं’ म्हणून पहिल्या आठवड्यात जुलाब, डोकेदुखी होणारच असं सांगणारेही भेटतात. तशी काही प्रक्रिया नसते. जुलाब झाले तर कारण शोधा.

सहा ते आठ आठवडे नीट करून बघा. टायमरच्या रकान्यात फरक पडत असेल पण वजन हलत नसेल, तर गडबड मुख्य जेवणात किंवा पेयांत आहे. तिथे आहारतज्ज्ञ बिंदूंपेक्षा जास्त कामाचे. रकान्यातही काही हललं नाही तर हे सोडून द्या, चालण्याचा वेळ वाढवा. आणि न ठरवता वजन भराभर उतरायला लागलं किंवा भूकच मेली, तर ते यश समजू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.